घरी परतल्यावर पुढे काय? बाबेलहून आलेल्या यहुद्यांना तीन संदेष्टे काय सांगत होते

इराण आणि इस्रायल ही दोन नावं हल्ली एका वाक्यात आली की पुढे क्षेपणास्त्रं येणार हे वाचकाला ठाऊक असतं. पण मार्च २०१८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांचं कौतुक करायला बसले, तेव्हा त्यांनी उपमा शोधली ती एका इराणी राजाची. त्याचं नाव सायरस, मराठी बायबलात कोरेश. त्याच सुमारास इस्रायलमधल्या एका संस्थेने ट्रम्प आणि कोरेश यांचे चेहरे शेजारी-शेजारी असलेलं नाणंही काढलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणी सम्राटाचं यहुद्यांना एवढं प्रेम का?

कारण त्याने त्यांना घरी जाऊ दिलं. गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात: हाल झाले, सुटका झाली, परतले. पण बायबलमधले हाग्गय, जखऱ्या आणि मलाखी हे तीन छोटे ग्रंथ सुरू होतात ते याच्या पुढे. वाचायला घेतले तर घोडे, उडती गुंडाळी, टोपलीतली बाई आणि लंगडी जनावरं यांतून काही लागत नाही. संदर्भ कळला की मात्र ते फार ओळखीचे वाटतात. स्वप्न पुरं झालं, पण अपेक्षेपेक्षा फारच लहान निघालं, अशा माणसांशी ते बोलत आहेत.

आधी हकिकत

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा म्हणजे बॅबिलॉनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, शलमोन राजाने बांधलेलं मंदिर पाडलं आणि यहूदा राज्यातले राजघराण्यातले, याजक म्हणजे पुरोहित, कारागीर असे लोक आजच्या इराकमध्ये नेऊन बसवले. एक तुकडी त्याआधीच, ५९७ मध्ये, गेली होती. या काळाला बायबल 'बंदिवास' म्हणतं. शब्दावरून तुरुंग डोळ्यांपुढे येतो, पण तसं नव्हतं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर 'यहूदानगर' अशा अर्थाच्या एका वस्तीचे व्यवहार सापडले आहेत. यहुदी माणसं तिथे जमीन कसत होती, कर भरत होती, देणीघेणी लिहून ठेवत होती. परक्या मुलखात का होईना, बस्तान बसलं होतं.

५३९ मध्ये कोरेशाने बाबेल घेतलं आणि लवकरच यहुद्यांना परत जाऊन मंदिर बांधायची मुभा मिळाली, असं बायबलमधला एज्राचा ग्रंथ सांगतो. कोरेशाचा मातीचा दंडगोल, ज्यावर लेख कोरलाय, १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडला. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता, काही वाचकांनी पाहिलाही असेल. त्यात यहुद्यांचा उल्लेख नाही. हलवलेले देव आणि माणसं आपापल्या ठिकाणी पोहोचवल्याचं राजा सांगतो, तेही मुख्यतः बाबेलच्या आसपासच्या गावांबद्दल. म्हणजे कोरेशाला एकट्या यहुद्यांचा पुळका नव्हता. ज्याचा देव जागेवर तो माणूस शांत, आणि शांत माणूस कर भरतो, हा त्यातला व्यवहार.

संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे

हिब्रू भाषेत संदेष्ट्याला 'नबी' म्हणतात. अरबीतून आपल्याकडे आलेला नबी हा त्याचाच भाऊबंद. उद्या काय होईल हे सांगणं हा त्याच्या कामाचा एक भाग, आणि बऱ्याचदा धाकटा. दवंडी पिटणारा माणूस स्वतःच्या मनचं बोलत नाही, पाटलाचा हुकूम सांगतो. संदेष्टाही प्रत्येक वेळी 'परमेश्वर असं म्हणतो' इथून सुरुवात करतो. त्या काळी राजाचा निरोप्याही 'राजा असं म्हणतो' अशीच सुरुवात करायचा. त्यामुळे संदेष्ट्याचं वाक्य वाचताना हे कधी खरं होणार, यापेक्षा हे कोणाला आणि कशासाठी ऐकवलं, हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

परतले, पण कुठे?

एज्राच्या यादीत परतलेल्यांचा आकडा ४२,३६० आहे, दासदासी वेगळे. बरेच जण परतलेच नाहीत. बाबेलात जन्मलेल्या नातवाने जुन्या गावासाठी चालती शेती का सोडावी? जे आले त्यांतल्या बहुतेकांनी यरुशलेम फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं.

धरणात गाव गेलेल्या कुटुंबाची कल्पना करा. आजी पन्नास वर्षं वाड्याची, विहिरीची, देवळाची वर्णनं करते आहे. आता समजा पाणी उतरलं आणि नातू तिथे पोहोचला. वाड्याचा चौथरा उरलाय, शेत दुसराच कोणी कसतोय आणि आजूबाजूच्या गावांना हे नवे आलेले लोक नकोसे झालेत. यहुद्यांचं असंच झालं. शिवाय यशयाच्या ग्रंथाच्या ४० व्या अध्यायापासूनची कवितेसारखी वचनं त्यांच्या कानात होती: डोंगर सपाट होतील, वाळवंटात झरे फुटतील, परमेश्वर स्वतः वाट काढेल. प्रत्यक्षात यहूदा हा इराणी साम्राज्याचा एक लहानसा, गरीब प्रांत होता. राजा नव्हता, नेमलेला अधिकारी होता.

मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुण जयघोष करत होते आणि पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडत होते. आनंदाचा आवाज कुठला आणि रडण्याचा कुठला हे ओळखू येईना, असं एज्रात लिहिलंय. मग शेजाऱ्यांशी तंटा झाला, काम थांबलं आणि जवळजवळ सोळा वर्षं पाया तसाच पडून राहिला. अर्धवट बांधकाम रोज नजरेसमोर असलं की काही दिवसांनी ते दिसेनासंच होतं.

हाग्गय: फाटक्या थैलीतली मजुरी

इ.स.पू. ५२०, इराणचा राजा दारयावेश याचं दुसरं वर्ष. हाग्गयाने तारखा इतक्या नेमक्या दिल्यात की आजच्या कालगणनेत त्या बसवता येतात: ऑगस्टअखेर ते डिसेंबर, चार महिन्यांत चार संदेश. ग्रंथ दोनच अध्यायांचा.

लोक म्हणत होते, मंदिर बांधायची वेळ अजून आली नाही. हाग्गय विचारतो, मग तुम्ही स्वतः लाकडी तक्तपोशीच्या घरांत राहायची वेळ बरी आली? पुढे त्यांच्याच रोजच्या तक्रारी तो त्यांना मोजून दाखवतो. पेरता पुष्कळ, हाती येतं थोडं. खाता पण पोट भरत नाही, पांघरता पण ऊब येत नाही, आणि मजुरी मिळते ती भोकं पडलेल्या थैलीत जाते. महिनाअखेरीला पगाराचं काय झालं हे न कळणाऱ्याला ही थैली समजावून सांगावी लागत नाही. हिब्रूत इथे एक श्लेषही आहे: मंदिर 'खारेब' म्हणजे ओसाड, म्हणून देशावर 'खोरेब' म्हणजे अवर्षण.

आणि लोकांनी चक्क ऐकलं! बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या वाट्याला हे भाग्य क्वचित आलंय. आधीच्या काळातल्या यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत टाकलं होतं. हाग्गय बोलल्यावर तीन आठवडे आणि काही दिवसांत काम सुरू झालं.

मला मात्र त्याचा दुसरा संदेश जास्त आवडतो. काम चालू होऊन महिना झाला आणि पुन्हा मरगळ आली. तेव्हा तो सरळ विचारतो: जुनं मंदिर पाहिलेलं तुमच्यात कोण उरलंय? हे नवं तुम्हाला काहीच वाटत नाही ना? नेता सहसा असं विचारत नाही, लोकांच्या मनातली निराशा तो पाहिली न पाहिलीशी करतो. हाग्गय ती आधी बोलून टाकतो, मग सांगतो की हिंमत धरा, काम करा, परमेश्वर म्हणतो, मी तुमच्याबरोबर आहे.

देऊळ नाही म्हणून पाऊस नाही, हे पटतं का?

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. दुष्काळाचा असा हिशेब मला पटत नाही. दुःख म्हणजे दर वेळी शिक्षा नव्हे, असं बायबलमध्येच ईयोबाचा ग्रंथ तावातावाने मांडतो. पण हाग्गयाच्या श्रोत्यांसाठी मंदिर म्हणजे केवळ पूजेची जागा नव्हती. कोठार तिथे, जमणं तिथे, सण तिथे, आणि आपण एक लोक आहोत याची खूणही तिथेच. राजा गेलेला, तट पडलेला. मंदिरही नसेल तर उरतात ती आपापल्या छपरापुरती पाहणारी काही हजार कुटुंबं.

यात याजकांचाच फायदा नाही का? होता. पण हाग्गय याजकांनाही सोडत नाही. तो त्यांना शास्त्रार्थ विचारतो: पवित्र मांस पदरात बांधलं आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? नाही. आणि प्रेताला शिवलेला माणूस भाकरीला शिवला तर ती विटाळते का? हो. आंब्याच्या पेटीचंही असंच. चांगल्या आंब्याशेजारी ठेवून नासका सुधारत नाही, नासका मात्र पेटी बिघडवतो. पाया घातला म्हणून तुम्ही आपोआप शुद्ध झालात असं समजू नका, हा त्याचा रोख.

एक उणीव नोंदवायलाच हवी. या दोन अध्यायांत विधवा, अनाथ, गरीब यांच्याबद्दल अवाक्षर नाही. ते काम जखऱ्याने केलं.

फाइल सापडली

काम सुरू झालं तशी सरकारी चौकशी आली. फरात नदीच्या अलीकडच्या प्रांताचा अधिकारी तत्तनइ विचारता झाला, बांधायची परवानगी कोणी दिली? आम्हाला कोरेशाने दिली होती, असं यहुदी म्हणाले. आता कागद शोधा. शोध बाबेलात झाला, पण गुंडाळी मिळाली दूर, आजच्या इराणमधल्या अखमथा इथल्या किल्ल्यात. सरकारी दप्तरात हेलपाटे घातलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. नवल पुढचं आहे: दारयावेशाने परवानगी तर कायम केलीच, वर खर्च सरकारी महसुलातून द्यायला सांगितला. ५१५ मध्ये मंदिर पुरं झालं.

जखऱ्या: रात्रीची चित्रं

जखऱ्या हाग्गयाच्या मागोमाग दोनच महिन्यांनी बोलू लागला, पण त्याची भाषा वेगळी. ५१९ च्या फेब्रुवारीतल्या एका रात्री त्याला एकामागून एक आठ दृश्यं दिसली. यातलं प्रत्येक चित्र उलगडत बसलं तर लेख संपायचा नाही. तीन पुरेत.

पहिल्यात घोडेस्वार जगभर हिंडून येतात आणि बातमी देतात की सगळीकडे शांतता आहे. ऐकून देवदूत खूश होत नाही, व्याकूळ होतो: यरुशलेमावर दया करायला अजून किती वेळ? हे का, ते त्या काळातल्या घडामोडी पाहिल्या की कळतं. ५२२ मध्ये दारयावेश गादीवर आला तेव्हा साम्राज्यभर बंडं पेटली होती. आता जग उलथतंय, आपलेही दिवस फिरतील, अशी आशा दुबळ्यांना वाटली असणार. दारयावेशाने बंडं मोडली, आणि शांतता म्हणजे होतं तेच पुढे चालू.

दुसऱ्या एका दृश्यात प्रमुख याजक यहोशवा मळक्या कपड्यांत उभा आहे आणि शेजारी 'सातान' त्याच्यावर आरोप करतोय. इथला सातान सिनेमातला शिंगवाला सैतान नव्हे. हिब्रूत तो पदनामासारखा येतो, म्हणजे फिर्यादी. सरकारी वकील म्हणा. परमेश्वर फिर्यादीलाच गप्प करतो आणि यहोशवाला स्वच्छ वस्त्रं, डोक्याला नवा फेटा द्यायला सांगतो. परमुलखात वाढलेले आपण देवापुढे उभे राहायच्या लायकीचे आहोत का, हा प्रश्न त्या पिढीला सलत असणार. त्याला हे उत्तर.

तिसरं चित्र सोन्याच्या दीपवृक्षाचं, दोन्ही बाजूंना जैतुनाची झाडं. इस्रायलच्या राजमुद्रेवर दीपवृक्ष आणि दोन डहाळ्या दिसतात, त्या याच चित्रातून आल्या. इथेच अधिकारी जरुब्बाबेल याला निरोप मिळतो: बळाने नाही, सामर्थ्याने नाही, माझ्या आत्म्याने. आणि लगेच खाली, लहानशा आरंभाच्या दिवसाला तुच्छ कोणी लेखलं? जरुब्बाबेलाच्या हातात गवंड्याचा ओळंबा पाहून तेच लोक आनंद करतील. एवढ्या झगमगाटानंतर नजर येऊन ठरते ती ओळंब्यावर, हे मला फार लोभस वाटतं.

उपास चालू ठेवायचा का?

५१८ मध्ये काही लोक एक साधा प्रश्न घेऊन आले. मंदिर पडलं त्याच्या शोकात आम्ही सत्तर वर्षं पाचव्या महिन्यात उपास करतोय. आता मंदिर पुन्हा उभं राहतंय, तर करायचा का?

जखऱ्या हो-नाही सांगत नाही. तो उलट विचारतो: इतकी वर्षं उपास केलात तो माझ्यासाठी केलात का? आणि खाल्लंत-प्यालात ते तरी कोणासाठी? मग जुन्या संदेष्ट्यांचं म्हणणं पुन्हा मांडतो: खरा न्याय करा, विधवा, अनाथ, उपरा आणि गरीब यांना नाडू नका. पुढे तो म्हणतो की हे उपास एक दिवस सण होतील. त्या दिवसाचं चित्रही देतो, आणि त्यात ना सैन्य ना सोनं: म्हातारे-म्हाताऱ्या हातात काठी घेऊन यरुशलेमच्या चौकांत बसलेत, आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेत. उजाड गावाला दुसरं काय हवं असतं?

त्या उपासाचं पुढे काय झालं? इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरं मंदिरही पाडलं आणि पाचव्या महिन्याचा, आब महिन्याच्या नवमीचा उपास आजही पाळला जातो. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजात या दिवसाचं नाव होतं 'बिरड्याचा सण', कारण त्या वेळी वालाचं बिरडं खायचे. बाबेलने जाळलेल्या मंदिराचा शोक आणि कुलाब्याचे वाल!

मग भाकितं खोटी ठरली का?

काही ठरली, असं प्रामाणिकपणे म्हणावं लागतं. जरुब्बाबेल दावीद राजाच्या वंशातला. हाग्गय त्याला देवाच्या बोटातली मुद्रेची अंगठी म्हणतो. जरुब्बाबेलाच्या आजोबाबद्दल देवाने यिर्मयाच्या तोंडून म्हटलं होतं की तो माझ्या हातातली अंगठी असता तरी मी ती उपटून फेकली असती. म्हणजे फेकलेली अंगठी पुन्हा बोटात! पुन्हा राजा मिळणार, असंच ऐकणाऱ्यांना वाटलं असणार. पण मंदिर पुरं झाल्याच्या वर्णनात जरुब्बाबेलाचं नावच येत नाही. त्याचं काय झालं, ग्रंथ सांगत नाहीत.

तरीही लोकांनी ही वचनं खोडली नाहीत. ती जपली आणि त्यांची मुदत पुढे ढकलली. 'मशियाख' म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. मुळात हा शब्द राजे-याजकांसाठी असे, यशयाच्या ग्रंथात तर तो चक्क कोरेशाला लावलाय. पुढे तो येणाऱ्या तारणाऱ्यासाठी रूढ झाला. जखऱ्याच्या ग्रंथात गाढवावर बसून येणारा नम्र राजा आहे. तो भाग बहुतेक अभ्यासक नंतरचा मानतात. ख्रिस्ती वाचकाला तो येशू दिसतो, यहुदी वाचक अजून वाट पाहतो.

मलाखी: कंटाळ्याचा संदेष्टा

यानंतर साधारण दोन पिढ्या गेल्या. मंदिर आहे, बळी चालू आहेत, आणि सगळ्यांना कंटाळा आलाय. 'मलाखी'चा अर्थ 'माझा निरोप्या', तेव्हा हे माणसाचं नाव आहे की टोपण, यावर मतं वेगळी आहेत.

अख्खा ग्रंथ देव आणि लोक यांच्यातल्या घरगुती भांडणासारखा चालतो. मी तुमच्यावर प्रेम केलं. 'कसलं प्रेम?' तुम्ही माझा अपमान करता. 'कधी केला?' तुम्ही मला लुबाडता. 'ते कसं काय?' रुसलेल्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं.

आंधळी, लंगडी, आजारी जनावरं वेदीवर आणणाऱ्यांना तो म्हणतो, हेच आपल्या सुभेदाराला नेऊन देऊन बघ, तो खूश होईल का? कलेक्टरच्या घरी नासकी फळं पाठवायचं धाडस कोण करेल? देवापुढे चालतं. त्यापेक्षा कोणीतरी मंदिराची दारंच लावून घ्या, म्हणजे फुकटचा अग्नी तरी पेटणार नाही, असंही तो म्हणतो. ज्या मंदिरासाठी हाग्गयाने एवढा आटापिटा केला, त्याचीच दारं!

दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, कोठारात आणा म्हणजे आकाशाच्या खिडक्या उघडतील, हे मलाखीचं वचन वर्गणी मागताना हमखास ऐकू येतं. त्याच अध्यायात पाच ओव्या अलीकडे मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर आणि उपऱ्याला नाडणाऱ्यांवर आरोप आहे. तो त्या मानाने कमी ऐकू येतो.

परक्या बायकांचा वाद

इथे आजचा वाचक अडखळतो. याच शतकात एज्राने परजातीय बायकांना मुलांसकट सोडायला लावलं, असं त्याच्या ग्रंथात आहे. मूठभर समाजाला विरघळून जायची भीती होती, हे कारण समजतं. त्या बायकांचं काय झालं असेल, हा प्रश्न तरी उरतोच. मलाखीही परदैवतांना भजणाऱ्या स्त्रियांशी लग्न करणाऱ्यांना झोडपतो, पण त्याच दमात तरुणपणीच्या बायकोशी बेइमानी करू नका असंही बजावतो. आणि यशयाच्या ग्रंथाचा ५६ वा अध्याय, जो अनेक अभ्यासक याच काळातला मानतात, परक्यांना आणि खच्ची केलेल्या पुरुषांना मंदिरात जागा देतो: माझं घर सगळ्या लोकांसाठी प्रार्थनेचं घर. सगळे संदेष्टे एका सुरात बोलत होते असं नाही. भांडण आतच चालू होतं, आणि ग्रंथ जमवणाऱ्यांनी दोन्ही बाजू ठेवल्या.

एलीयाची वाट

मलाखीचा शेवट एलीया संदेष्ट्यावर होतो. तो येईल, बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची बापांकडे वळवेल, नाहीतर मी येऊन देशाला शापाने मारीन. शेवटचा शब्द शाप नको म्हणून यहुदी वाचक हा भाग वाचल्यावर त्याच्या आधीची एलीयाची ओवी पुन्हा म्हणतात.

कोकणातल्या बेने इस्रायलांना एलीया ठाऊक आहे तो 'एलियाहू हनाबी' म्हणून. यातला 'हनाबी' म्हणजे वर भेटलेला नबीच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तो येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. लग्न ठरलं, नवस फळला, नव्या घरात पाऊल टाकायचं असलं की त्याच्या नावाने मालिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुका मेवा, सोबत फळं. इस्रायलला जाऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही तिथे मालिदा करतात.